नवे आउटलुक : बॅलार्ड इस्टेटमधल्या मालवाहतूक कार्यालयातून केलेले परीक्षण

जहाज न्हावा शेवा बंदरात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विवरणपत्र, दाखल झाले नाही, तर पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि त्यापुढे दररोज १०,००० रुपये विलंब आकार भरावा लागतो. बिल ऑफ एंट्री भरण्यापूर्वी अरायव्हल नोटीस (जहाज येत असल्याची शिपिंग लाइनची सूचना) हाती यावी लागते, बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजी मालाची पावती) आणि इनव्हॉइस ताडून पाहावे लागते, सीएचएने (सीमाशुल्काचे काम करणाऱ्या एजंटाने) तयार केलेली चेकलिस्ट आयातदाराकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि यांतला जवळजवळ प्रत्येक टप्पा ई-मेलवर पार पडतो. त्यामुळे बॅलार्ड इस्टेट आणि फोर्ट भागातल्या आमच्यासारख्या कार्यालयांना ई-मेलच्या सॉफ्टवेअरकडून एकच गोष्ट हवी असते : मुदतीचा आणि पैशांचा मेल योग्य माणसाच्या नजरेस वेळेत पडला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ई-मेल कार्यक्रमाच्या विंडोजसाठीच्या नव्या आवृत्तीचे हे परीक्षण मी याच अपेक्षेने केले आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. कॅलेंडर, रूल (आलेल्या मेलचे काय करायचे हे आपोआप ठरवणारे नियम) आणि सामाईक मेलबॉक्स यांसाठी नवे आउटलुक स्वीकारण्याजोगे आहे. ज्या कार्यालयांचा जुना पत्रव्यवहार संगणकांवरच्या फायलींमध्ये साठलेला आहे, त्यांनी मात्र क्लासिक, म्हणजे जुने, आउटलुक इतक्यात काढून टाकू नये.

आउटलुक १९९७ च्या जानेवारीत ऑफिस ९७ बरोबर बाजारात आले, आणि मुंबईतल्या कार्यालयांमध्ये कारकुनांच्या दोन पिढ्या त्याच्यावर काम शिकल्या. नवे आउटलुक म्हणजे त्याच कार्यक्रमाला दिलेला नवा रंग नव्हे. ते वेब तंत्रज्ञानावर नव्याने उभारलेले आहे आणि ब्राउझरमधल्या आउटलुकचेच ते जवळचे भावंड आहे. घरगुती खात्यांसाठी ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आणि व्यावसायिक खात्यांसाठी १ ऑगस्ट २०२४ पासून अधिकृतपणे उपलब्ध झाले, तर विंडोजमधल्या जुन्या ‘मेल’ आणि ‘कॅलेंडर’ या अॅपचे समर्थन ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबले. विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांच्या संगणकांवर ते २०२५ च्या फेब्रुवारीतल्या सुरक्षा अपडेटबरोबर आपोआप येऊन बसले, आणि हा दुसरा आउटलुक कुठून आला असा प्रश्न त्या काळात पुष्कळ कार्यालयांत विचारला गेला. क्लासिक आउटलुकचे समर्थन निदान २०२९ पर्यंत चालू राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्यामुळे निर्णय घाईने घेण्याचे कारण नाही, पण तो पुढे ढकलत राहण्यातही हित नाही.

आमच्या कसोटीवर सर्वांत आधी तपासावी लागते ती ‘फोकस्ड इनबॉक्स’ ही सोय. ती आलेल्या मेलचे दोन भाग करते : महत्त्वाचे वाटणारे मेल ‘फोकस्ड’मध्ये आणि उरलेले ‘अदर’मध्ये. माणसाने माणसाला लिहिलेल्या पत्रांसाठी ही निवड बहुतेक वेळा बरोबर ठरते. यंत्रणेने आपोआप पाठवलेले मेल आणि वृत्तपत्रिका मात्र ही सोय सहसा ‘अदर’मध्ये टाकते, आणि शिपिंग लाइनची अरायव्हल नोटीस, सीमाशुल्क यंत्रणेकडून येणारी सूचना, बँकेचा परतावा-संदेश हे सगळे यंत्रणेनेच पाठवलेले मेल असतात. जाहिरात संस्थेला किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयाला जी सोय उपकारक आहे, ती मालवाहतुकीच्या कार्यालयात सर्वांत महाग मेल दुसऱ्या कप्प्यात ठेवू शकते. कागदपत्रांची कामे करणाऱ्यांनी ती सेटिंगमधून सरळ बंद करावी. बंद करायची नसेल, तर प्रत्येक शिपिंग लाइनच्या पहिल्या मेलवर उजवे बटण दाबून त्या पत्त्यावरून येणारे मेल यापुढे नेहमी ‘फोकस्ड’मध्येच यावेत अशी आज्ञा द्यावी. मोबाइलवरच्या आउटलुकमध्येही ही सोय असते आणि तिचे सेटिंग तिथेही पाहून घ्यावे, कारण डोंबिवलीहून सीएसएमटीला येताना सकाळचे मेल बहुतेक जण फोनवरच वाचतात.

याहूनही मोठा फरक पडतो तो सामाईक मेलबॉक्समुळे. अरायव्हल नोटीस एखाद्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर येत असेल आणि तो गावी गेला असेल, तर कोणतेही अपडेट त्या कार्यालयाला वाचवू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ५० जीबीपर्यंतच्या सामाईक मेलबॉक्सला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. तो उघडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मात्र स्वतःचा परवाना असावा लागतो. आयातीच्या कागदपत्रांसाठी एक आणि निर्यातीसाठी एक असे दोन सामाईक पत्ते करून शिपिंग लाइन, परदेशी एजंट आणि सीएचए यांना तेच पत्ते कळवावेत. नव्या आउटलुकमध्ये असा मेलबॉक्स डाव्या बाजूला स्वतःच्या इनबॉक्सखालीच दिसतो. आलेला प्रत्येक मेल कोणी हाती घेतला आहे हे दाखवण्यासाठी रंगीत ‘कॅटेगरी’ वापरता येते : प्रत्येक सहकाऱ्याच्या नावाची एक कॅटेगरी, आणि सकाळी पहिल्या अर्ध्या तासात वरिष्ठाने प्रत्येक मेलवर तिचा शिक्का मारायचा. ज्या मेलवर रंग नाही तो कोणाकडेच नाही, हे चार टेबलांवरून एकाच वेळी दिसते. या एका पद्धतीने ‘मला वाटले तू पाहिलास’ हे वाक्य कार्यालयातून बरेच कमी होते, आणि त्यासाठी जादा पैसेही मोजावे लागत नाहीत.

शोध ही आउटलुकची जुनी दुखरी बाजू. क्लासिक आउटलुक संगणकावर उतरलेल्या प्रतीत विंडोजच्या अनुक्रमणिकेच्या आधारे शोधते, आणि ती अनुक्रमणिका बिघडली की समोर असलेला मेलही सापडत नाही. नवे आउटलुक सर्व्हरवरच्या संपूर्ण मेलबॉक्समध्ये शोधत असल्याने जुन्या वर्षांचे मेल अधिक भरवशाने हाती लागतात. शोधचौकटीत जाण्यासाठी कंट्रोल आणि ई ही जोडी दोन्हीकडे चालते. फ्रॉम, सब्जेक्ट किंवा हॅज-अटॅचमेंट्स हे इंग्रजी शब्द अपूर्णविराम देऊन लिहिले, की शोध पाठवणाऱ्यापुरता, विषयापुरता किंवा जोडपत्रे असलेल्या मेलपुरता मर्यादित करता येतो. मात्र शोधाची खरी गुणवत्ता पाठवणाऱ्याच्या हातात असते. कंटेनरचा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानकानुसार ११ वर्णांचा असतो, चार अक्षरे आणि सात अंक, आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कंटेनरला तो नसतो. तो विषयाच्या ओळीत मध्ये जागा न सोडता सलग लिहिला, तर दोन वर्षांनी लेखापरीक्षकाने विचारलेले पत्र क्षणात सापडते. तोच क्रमांक अक्षरे आणि अंक तोडून लिहिला, किंवा फक्त स्कॅन केलेल्या चित्रात राहिला, तर सॉफ्टवेअर कितीही नवे असले तरी त्याचा उपयोग होत नाही. कार्यालयाने विषयाची ओळ लिहिण्याचा एक नमुना ठरवून द्यावा : आधी कंटेनर किंवा बीएल क्रमांक, मग पक्षकाराचे लघुनाव, मग काम. ‘अर्जंट’ हा शब्द विषयात लिहिण्यापेक्षा फ्री डेज (कंटेनर विनाआकार ठेवण्याचे दिवस) कोणत्या तारखेला संपतात ती तारीख लिहिली, तर वाचणाऱ्याला घाईचे कारणही कळते.

रूलच्या बाबतीत नव्या आउटलुकने केलेला बदल मला पूर्णपणे पटतो. क्लासिकमध्ये काही रूल सर्व्हरवर चालत आणि काही फक्त त्या संगणकावर आउटलुक उघडे असताना चालत, त्यामुळे संगणक बंद असलेल्या रात्री कोणते मेल कुठे गेले याचा पत्ता सकाळीच लागत असे. नव्यात सगळे रूल सर्व्हरवरच चालतात. ज्यांनी संगणकावर चालणारे रूल वर्षानुवर्षे साचवले आहेत त्यांना ते पुन्हा बांधावे लागतील, आणि त्यानिमित्ताने निम्मे रूल काढूनही टाकता येतील. मेल आपोआप फोल्डरमध्ये हलवणारा रूल मी शक्यतो करत नाही, कारण हललेला मेल नजरेआड होतो. मेल इनबॉक्समध्येच ठेवून त्यावर कॅटेगरी लावणारा रूल अधिक सुरक्षित असतो. ‘क्विक स्टेप्स’ २०१० पासून आहेत आणि अजूनही फार थोडे लोक त्या वापरतात. चेकलिस्टचा मेल एका टिचकीत सीएचएला पुढे पाठवणे, त्यावर निशाण लावणे आणि तो पक्षकाराच्या फोल्डरमध्ये ठेवणे, अशी तीन कामे एका बटणावर बांधता येतात. ‘स्वीप’ ही सोय दरपत्रकांसारख्या मेलसाठी उत्तम आहे, कारण एकाच पत्त्यावरून आलेल्या मेलपैकी फक्त शेवटचा ठेवून बाकीचे ती काढून टाकते. मालवाहू दरांचे शिळे पत्रक समोर ठेवून चुकीचा भाव कळवला जाण्याची शक्यता त्यामुळे घटते.

आता उणिवा. कॉम या विंडोजच्या जुन्या तंत्रावर बांधलेले अॅड-इन (आउटलुकला जोडायचे पूरक कार्यक्रम) नव्या आउटलुकमध्ये चालत नाहीत आणि व्हीबीए मॅक्रोही (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) चालत नाहीत. फोर्टमधल्या वकिलांच्या कार्यालयांत कागदपत्रे फायलींना जोडणारे अॅड-इन असतात, काही लेखापालांनी आपापले मॅक्रो लिहून घेतलेले असतात. त्यांनी आपल्या विक्रेत्याकडे वेब-अॅड-इन तयार आहे का हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. पीएसटी फायलींचा, म्हणजे आउटलुक ज्यांत मेल संगणकावरच साठवते त्या फायलींचा, प्रश्न त्याहून व्यापक आहे. मुंबईतल्या असंख्य छोट्या कार्यालयांनी मेलबॉक्स भरला की जुने मेल पीएसटीमध्ये काढून ठेवण्याची सवय लावून घेतली आहे. नव्या आउटलुकमध्ये सुरुवातीला या फायली उघडतच नव्हत्या. त्यांतले मेल वाचण्याची सोय २०२५ मध्ये आली, पण त्यासाठीसुद्धा त्याच संगणकावर क्लासिक आउटलुक असण्याची अट घातली गेली. तळमजल्यावरच्या कार्यालयात पावसाळ्यात पाणी शिरते आणि त्या संगणकाबरोबर १५ वर्षांचा पत्रव्यवहार संपतो, हा धोका पीएसटीला पहिल्यापासून होताच. म्हणून या उणिवेकडे मी तक्रार म्हणून न पाहता साठा सर्व्हरवरच्या आर्काइव्हमध्ये हलवण्याचे निमित्त म्हणून पाहतो. पॉप पद्धतीने मेल उतरवून घेणाऱ्या कार्यालयांनाही तेच लागू आहे. पॉपमध्ये मेल बहुधा एका संगणकावर उतरतो आणि तिथेच राहतो, आयमॅपमध्ये तो सर्व्हरवर राहतो आणि प्रत्येक यंत्रावर तोच दिसतो.

इंटरनेट नसताना काम करण्यात क्लासिक अजूनही सरस आहे. ते वर्षभराचे किंवा हवे तर सगळेच मेल संगणकावर ठेवते आणि जोडपत्रेही उघडून देते. नव्या आउटलुकमध्ये ही सोय उशिरा आली आणि ती ठरावीक दिवसांच्या मेलपुरती असते. सेटिंगमध्ये जाऊन दिवसांची ही मर्यादा वाढवून घ्यावी. पारसिक बोगद्यात किंवा आरे ते कफ परेड या भूमिगत मेट्रोत नेटवर्क तुटते तेवढ्या वेळेपुरते हे पुरेसे आहे. जहाजावर जाऊन पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला किंवा बंदरातल्या यार्डात लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला ते पुरेसे नाही, आणि त्यांच्या लॅपटॉपवर मी आज तरी क्लासिकच ठेवीन.

आणखी एक बाब मालकांनी समजून घेऊन मगच बटण दाबावे. नव्या आउटलुकमध्ये जीमेल, याहू, आयक्लाउड किंवा होस्टिंग कंपनीकडचे आयमॅप खाते जोडले, की त्या खात्यातल्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये ठेवली जाते. क्लासिकमध्ये आयमॅपचा मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून थेट आपल्या संगणकावर येत असे. यात लपवलेले काही नाही, जोडताना तशी सूचना दाखवली जाते. पण ती सूचना न वाचता ‘कंटिन्यू’ दाबण्याची सर्वांची सवय आहे. पक्षकारांची आयईसी (आयात-निर्यात कोड) प्रमाणपत्रे, पॅन, बँकेचे तपशील आपल्या मेलमध्ये असतात आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे अशा माहितीची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आहे. माहितीची प्रत कुठे राहते हे कार्यालयाला माहीत असले पाहिजे. ज्यांचे खाते आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यांचा मेल मुळातच तिथे आहे. विनामूल्य वैयक्तिक खाते जोडणाऱ्यांना मेलच्या यादीतच जाहिराती दिसतात, आणि कार्यालयीन कामासाठी तेवढे एक कारण मला ते खाते नाकारायला पुरते.

कॅलेंडर हा नव्या आउटलुकचा सर्वांत चांगला भाग आहे आणि मुंबईच्या कार्यालयांना तो नीट मांडून घेण्यात सर्वाधिक लाभ आहे. पहिले काम वेळेच्या पट्ट्यांचे. कॅलेंडरच्या कडेला मुंबईच्या वेळेखेरीज आणखी वेळा दाखवता येतात, आणि आमच्या कामात रॉटरडॅम आणि शांघाय या दोन वेळा पुरतात. शांघाय आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते आणि वर्षभर तसेच राहते. रॉटरडॅम हिवाळ्यात साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, कारण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा तिन्ही खंडांची गणिते एकमेकांशी जुळत नाहीत. दर आठवड्याची मीटिंग कोणी बोलावली आहे यावर सगळे ठरते. रॉटरडॅमच्या एजंटाने त्याच्या सकाळी १० वाजता लावलेली मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी २.३० वाजता येते आणि उन्हाळ्यात १.३० वाजता, म्हणजे नेमकी जेवणाच्या सुट्टीत. तीच मीटिंग मुंबईच्या वेळेवर आपण बोलावली, तर आपली वेळ वर्षभर तीच राहते आणि तिकडची बदलते. ज्या बैठकीला आपली पाच माणसे आणि त्यांचा एक माणूस बसतो, तिचे आमंत्रण आपल्याकडूनच जावे, असा आग्रह मी धरतो. ‘आयएसटी’ ही आद्याक्षरे मेलमध्ये लिहून भागवू नये. मेलमध्ये लिहिलेली वेळ समोरच्याने चुकीची वाचू शकते, पण आमंत्रण पाठवले की दोन्हीकडचे घड्याळ सॉफ्टवेअर स्वतः जुळवते.

दुसरे काम कामाच्या तासांचे. मूळ सेटिंगमध्ये सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असे तास धरलेले असतात आणि मुंबईतल्या फार थोड्या कार्यालयांचे ते खरे तास आहेत. नव्या आउटलुकमध्ये प्रत्येक वाराचे तास वेगळे देता येतात आणि त्या दिवशी कार्यालयात आहोत की घरून काम करत आहोत हेही नोंदवता येते. पक्षकाराने ‘शेड्युलिंग असिस्टंट’मध्ये वेळ पाहिली की या तासांबाहेरचा भाग त्याला वेगळा दिसतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका २०१५ च्या सप्टेंबरपासून बंद असतात आणि बरीच खासगी कार्यालयेही तोच नियम पाळतात. कामाच्या तासांमध्ये एकाआड एक शनिवार निवडण्याची सोय मात्र नाही. त्यावर उपाय आहे : सगळे शनिवार कामाचे ठेवायचे आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा येणारी पूर्ण दिवसाची एक नोंद व चौथ्या शनिवारी दुसरी नोंद करून त्यांची स्थिती ‘आउट ऑफ ऑफिस’ ठेवायची. भारतात इतकी कार्यालये या पद्धतीने चालत असताना मायक्रोसॉफ्टने ही निवड सेटिंगमध्येच द्यायला हवी होती.

सुट्ट्यांचेही तसेच. आउटलुकमध्ये भारताच्या सुट्ट्या एका टिचकीत जोडता येतात, पण कार्यालयाला हव्या असतात त्या महाराष्ट्राच्या सुट्ट्या : गुढीपाडवा, १ मेचा महाराष्ट्र दिन, गणेश चतुर्थी. बँकांच्या सुट्ट्या राज्य शासन परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ खाली जाहीर करते, आणि ती अधिसूचना समोर ठेवून वर्षारंभी एका माणसाने कार्यालयाचे सामाईक कॅलेंडर भरले तर सर्वांचे काम भागते. याच कॅलेंडरमध्ये आणखी एक नोंद करण्याची मी आग्रहाने शिफारस करतो. मुंबई महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा आणि वेळा प्रसिद्ध करते. त्या तारखा पूर्ण दिवसाच्या नोंदी म्हणून घालून त्यांची स्थिती ‘फ्री’ ठेवावी, म्हणजे कोणाचा वेळ अडत नाही, पण जुलैतल्या त्या दुपारी हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या दिशेने पक्षकाराला बोलावण्याआधी आमंत्रण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भरतीची वेळ येते. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की पाणी तुंबते हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी मीटिंग ठरवताना ते आठवत नाही.

मीटिंग पाच ते पंधरा मिनिटे आधी संपवण्याचे किंवा उशिरा सुरू करण्याचे सेटिंग कॅलेंडरमध्ये आहे आणि ते सुरू केले की नवे आमंत्रण आपोआप तेवढे आखूड होते. बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या इमारतींत बैठकीची खोली बहुधा एकच असते. तिला स्वतःचा मेलबॉक्स देऊन आमंत्रणात जोडली, की ती रिकामी असेल तर आपोआप होकार देते आणि नसेल तर नकार देते. कॅलेंडर सहकाऱ्यांना दाखवताना फक्त ‘व्यस्त’ एवढेच दिसावे की तपशीलही दिसावा हे ठरवता येते, आणि डॉक्टरांच्या भेटीसारख्या नोंदीवर ‘प्रायव्हेट’ची खूण करण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी.

पाठवण्याच्या सोयींबद्दल थोडक्यात. पाठवलेला मेल परत थांबवण्यासाठी आउटलुकमध्ये कमाल १० सेकंद मिळतात, जीमेलमध्ये ३०. आणि ही मुदत आउटलुकने वाढवावी असे मला मनापासून वाटते. क्लासिकमध्ये रूल करून प्रत्येक मेल काही मिनिटे, अगदी १२० मिनिटांपर्यंत, रोखून धरता येत असे, आणि दरपत्रके पाठवणाऱ्यांसाठी ती सोय मोलाची होती. ठरलेल्या वेळी मेल पाठवणारे ‘शेड्यूल सेंड’ नव्यात सर्व्हरवरून चालते, म्हणून लॅपटॉप बंद करून विरारची लोकल पकडली तरी रात्रीचा मेल वेळेवर जातो. ‘रिकॉल’ची सोय सुधारली आहे, पण ती आपल्याच संस्थेतल्या मेलबॉक्सपुरती आहे. पक्षकाराच्या जीमेलवर गेलेले पत्र परत येत नाही.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी नव्या आउटलुकमध्ये अडथळा नाही. २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक आला, आणि युनिकोडमध्ये लिहिलेला देवनागरी विषय तसाच पोहोचतो आणि शोधातही सापडतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर मात्र समोरच्याकडे निरर्थक अक्षरांत उमटतो आणि शोधात कधीच येत नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांशी मराठीत लिहिणाऱ्यांनी तो फाँट कायमचा सोडावा. विषयाच्या ओळीत तालुका, सर्व्हे क्रमांक किंवा कंटेनर क्रमांक यांचे अंक लिहिताना देवनागरी की रोमन हे एकदा ठरवून घ्यावे, कारण एका लिपीत लिहिलेला अंक दुसऱ्या लिपीत शोधला तर तो सापडेलच असे नाही.

कोपायलट ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय व्यावसायिक ग्राहकांसाठी १ नोव्हेंबर २०२३ पासून आली आणि तिच्या पूर्ण सोयींसाठी वेगळा परवाना लागतो. आठवड्याच्या रजेनंतर लांबलचक पत्रमालिकेचा सारांश वाचायला ती उपयोगी आहे. कंटेनर क्रमांक, तारीख आणि रक्कम मात्र मूळ मेलमधूनच घ्यावी, आणि छोट्या कार्यालयाने तो खर्च करण्याआधी सामाईक मेलबॉक्स आणि विषयाच्या ओळी नीट लावून घ्याव्यात.

सुरक्षेच्या दोन सेटिंगकडे प्रत्येक मालकाने स्वतः लक्ष द्यावे. मालवाहतुकीत सर्वाधिक घातक मेल म्हणजे ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढची रक्कम नव्या खात्यात भरा’ असे सांगणारा. संस्थेबाहेरून आलेल्या मेलवर ‘एक्स्टर्नल’ अशी खूण दाखवण्याची सोय प्रशासकाला सुरू करता येते, म्हणजे वरिष्ठाच्या नावाने आलेला बनावट मेल बाहेरचा आहे हे लगेच दिसते. तरीही खाते बदलल्याची खात्री जुन्या, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करूनच करावी, आणि रक्कम गेलीच तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवावे. दुसरे, मेलबॉक्समध्ये शिरलेला भामटा बहुधा एक रूल करून ठेवतो, जो ‘पेमेंट’ किंवा ‘इनव्हॉइस’ शब्दाचे मेल भलत्या फोल्डरमध्ये लपवतो. म्हणून महिन्यातून एकदा रूलची यादी उघडून आपण न केलेला एखादा रूल तिथे आहे का ते पाहावे. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल पुढे पाठवण्याला एक्स्चेंज ऑनलाइन ही मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली मेलसेवा मूळ सेटिंगमध्येच अटकाव करते. एखाद्याच्या सोयीसाठी तो अटकाव उठवू नये.

नव्याकडे वळताना सगळी टेबले एकदम हलवू नयेत. आधी ज्याच्याकडे पीएसटी नाही आणि अॅड-इन नाही अशा एका सहकाऱ्याच्या संगणकावर वरच्या कोपऱ्यातले बटण फिरवावे. तेच बटण फिरवून क्लासिकमध्ये परत येता येते. त्याने महिनाभर सामाईक मेलबॉक्स, छपाई, स्वाक्षरी आणि बैठकीची खोली यांवर काम करून पाहावे, मग आयात विभाग, मग निर्यात विभाग, आणि ज्यांचा जुना साठा सर्व्हरवर हलवायचा आहे त्यांची टेबले सर्वांत शेवटी. ३१ मार्चच्या आसपासचे आठवडे आणि गणेशोत्सवाचे दिवस या कामासाठी निवडू नयेत. दिवाळीनंतरचा, माल कमी असलेला पंधरवडा त्यासाठी सोयीचा पडतो.